पहिला आवाज

खोकं उघडायच्या आधी भरमूनं ते दोनदा हलवून पाहिलं. मोबाईलवर बघून मागवलेला जुना टेपरेकॉर्डर, आणि परत करायची सोय नाही. विकणाऱ्यानं पाठवलेला व्हिडिओ त्यानं दहादा पाहिला होता. गाणं झकास वाजत होतं, फक्त त्या माणसाचा अंगठा बटणांवरून हलत नव्हता. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, पण भरमू अजून पोळायचाच होता.

घरात आईची एकच कॅसेट होती. नागुबाईनं थोरल्या लेकीच्या हळदीला म्हटलेल्या, जेमतेम दहा मिनिटांच्या ओव्या. नागुबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिच्या नवऱ्याला, आप्पांना, एकच ध्यास, तिचा आवाज एकदा कानावर पडावा.

"आधी भजनाची कॅसेट लावून बघू," भरमू म्हणाला.

"न्हाय. नव्या वस्तूत पयला आवाज घरच्या लक्ष्मीचा," आप्पा म्हणाले. "टॅक्टर आणला तवा बी पयलं तिलाच बसवलं हुतं."

आप्पांपुढं अख्ख्या कंग्राळी गावात कुणाचं चालत नाही, तिथं भरमूचं काय चालणार! त्याच्या बायकोनं, रूपालीनं, मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. माळेखाली बोट घालून भरमूनं बटण दाबलं. चाकं फिरू लागली. आवाज मात्र नाही.

"सुरवातीला कोरीच आसंल," रूपाली म्हणाली.

आप्पा मशीनला कान लावून बसले. "नागू, बोल की गं," ते हळूच म्हणाले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. बंद करावं तर आप्पांच्या तोंडाकडं बघवेना. शेवटी भरमूनं माळ बाजूला सारली.

लाल बटण आत गेलेलं होतं. लाल म्हणजे रेकॉर्डिंगचं, जुनं पुसून नवं भरणारं. शेजारचं वाजवायचं बटण दाबलं की तेही खाली जात होतं. व्हिडिओतला अंगठा ते वर धरून होता.

"काय झालं रं?" आप्पांनी विचारलं.

भरमूनं टेप मागं घेतली, अंगठ्यानं लाल बटण वर धरलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. देवा, एक ओळ तरी उरू दे.

खरखर झाली. मग रूपालीचं बोलणं ऐकू आलं आणि त्यामागून एक थकलेला, लाडाचा आवाज, "नागू, बोल की गं."

आप्पांचा चेहरा खुलला, मग गोंधळला.

"भरमू, ह्यो म्हातारा कोण रं, तिला हाक मारतोय त्यो?"