धावपट्टीवरचे दगड

वसमतच्या दवाखान्यात आपल्या पाया पडायला वाकलेल्या माणसाला जळबानं खांद्याला धरून घाईघाईनं उठवलं.

"असं करू नका साहेब."

"जळत्या विमानातून माझी लेक बाहेर काढलीत तुम्ही," पुनमचे वडील म्हणाले आणि डोळे पुसत औषधं आणायला गेले. जळबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावाबाहेरची धावपट्टी कित्येक वर्षं ओस होती, तेव्हापासून गाव तिथं शिजवलेली हळद वाळत घालायचं. विमान चालवायला शिकवणारे आले तरी रिवाज मोडला नाही. उड्डाण नसलं की हळद पसरायची आणि तिच्यावर मोटारसायकली येऊ नयेत म्हणून भोवती दगड मांडायचे. शिकायला आलेली पुनम त्या हळदीशेजारी बसून जळबाच्या बायकोच्या, सखुबाईच्या हातचा चहा प्यायची.

त्या दिवशी अंधार पडता पडता निरोप आला, आज रात्री विमान उडणार. एकच तारांबळ उडाली. नवरा-बायकोनं पोत्यात हळद भरली, एक हळकुंडसुद्धा मागं ठेवलं नाही. दगडांची कुणाला पडली होती? ते तिथंच राहिले.

धावत्या विमानाचं चाक दगडावर गेलं, विमान उलटून पेटलं. पुनम वाचली. शेजारी बसलेले तिचे सर गेले. पोलीस यायच्या आत जळबानं दगड उचलून ओढ्यात टाकले.

"काहून बोलता आता? गेलेला माणूस येनार हाय का?" सखुबाई म्हणाली होती. त्यालाही तेच ऐकायचं होतं.

दवाखान्यातल्या खाटेवर पुनमचा पाय प्लास्टरमध्ये होता. ती छताकडे बघत होती.

"काका, माझंच चाक पट्टीबाहेर गेलं म्हणतात. मला काहीच आठवत नाही. सर माझ्यामुळे गेले."

जळबानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरी, तुजं चाक बराबर पट्टीवरच व्हतं. मधी दगड व्हता. हळदीचा. माजा."

तिनं मान वळवली. आता ही ओरडेल, शिव्या देईल म्हणून तो खाली मान घालून बसला.

"म्हणजे सरांना मी मारलं नाही?"

"न्हाई गं लेकरा."

तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि हमसून हमसून रडली. बऱ्याच वेळानं शांत झाली. हात मात्र सोडला नाही.

"काका," तिनं हळूच विचारलं, "मग इतके दिवस मला सांगितलं का नाही?"

ती त्याच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.