कोरडी पट्टी

आमच्या घरात बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही माझ्याशी बोलत होते. "त्याला विचार, जेवायला बसतोय का," असं बाबा म्हणायचे, तेव्हा दादा हातभर अंतरावर ताट घेऊन बसलेला असायचा. "त्यांना सांग, बसलोय," असं तो म्हणायचा. मी शिवणाच्या मशीनवर, तोंडात टाचण्या, आणि डोक्याला हा ताप. ऐकू दोघांनाही व्यवस्थित येत होतं. पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय शब्द पोचला असं धरायचं नाही, असा त्यांचा आपसातला नियम.

आणि भांडण कशावरून, तर गाडीच्या इंजिनात कुठलं तेल घालायचं यावरून.

ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही आलं असतं, पण ती गाडी हौसेची नव्हती. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आम्हा तिघांपैकी एकाचीही तिला चालली नाही. बाबांना साखर, माझा रक्तगट जुळेना, आणि दादाच्या तपासणीत त्याच्याच किडनीत खडे निघाले. मग मिळेल तेव्हा मिळेल म्हणून इस्पितळाच्या यादीत तिचं नाव लावून ठेवलं. इस्पितळातल्या बाईंनी बजावलं होतं की फोन कधीही येईल, आणि आला की सांगितलेल्या वेळेत पोचायचं. उशीर झाला तर किडनी कुणाची वाट बघत नाही, पुढच्या पेशंटला जाते. इस्पितळ मोठ्या शहरात, डोंगरापलीकडे. म्हणून ही पांढरी गाडी घेतली, कुणीतरी वापरून वापरून जुनी केलेली. तिला आयुष्यात एकच काम होतं. फोन आला की आईला घेऊन तो डोंगर ओलांडायचा.

गाडी घेतल्यावर पहिल्यांदा मिस्त्रीकडे नेली. त्याने तेल दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाला, "हे बदलायला झालंय. सिंथेटिक घालू की साधं?"

झालं. तिथेच ठिणगी पडली. बाबांनी उभा जन्म बस चालवली. त्यांचं म्हणणं, जुन्या इंजिनाला साधंच तेल बरं. सिंथेटिक सगळी साठलेली घाण धुऊन काढतं, आणि सांध्यांतली जुनी रबरी सीलं त्या घाणीच्याच आधाराने तग धरून असतात. घाण गेली की तेल गळायला लागतं, आणि तेल गेलं की लाल दिवा. तेलाचा लाल दिवा लागला की जागच्या जागी थांबायचं, मग बसमध्ये कुणीही बसलेलं असो. भर उन्हात सगळी बस रिकामी करून लोकांच्या शिव्या कशा खाल्ल्या, ते बाबा अजूनही छाती काढून सांगतात.

दादा औषधांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. त्याचं म्हणणं, चढावर इंजिन तापणार. तापलं की साधं तेल लवकर मान टाकतं, सिंथेटिक टिकतं. "तुमच्या बसची गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "आणि तुझ्या यंत्रांत माणसं बसत नाहीत," बाबा म्हणाले. मिस्त्री हात पुसत दोघांची तोंडं बघत राहिला. "दोन्ही चालतात हो," तो शेवटी म्हणाला. "फक्त पातळी बघत जा, म्हणजे झालं." त्याच्याकडे लक्ष कोण देतंय? तेल न बदलताच गाडी घरी आली आणि त्या दिवसापासून मी टपालखात्यात रुजू झाले.

मला कळत होतं काय चाललंय ते. आईला किडनी देता आली नाही म्हणून दोघं तेल द्यायला निघाले होते, आणि निदान त्यात तरी दुसऱ्याचं चालू नये असं दोघांना वाटत होतं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. कधीकधी रडूही यायचं.

आईलाही कळत होतं. एकदा डायलिसिसहून आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशीच म्हणाली, "ऑपरेशनची भीती नाही गं मला. मी नसले तर हे दोघं कुणाच्या तोंडाने बोलतील, याचा घोर लागलाय. तू तरी कुठे कुठे पुरणार?"

त्याच संध्याकाळी मी दोघांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. "माझं टपाल आजपासून बंद. ज्याला जे सांगायचं असेल ते त्याने आपल्या तोंडाने सांगा." मला वाटलं, नाइलाज झाला की बोलतील. कसले बोलतात. दोघांनी तोंडाला कुलूप घातलं आणि घरात नुसती माझ्या मशीनची खडखड उरली.

फोन दुपारी आला, दादाच्या सुट्टीच्या दिवशी. मी एका कोटाला अस्तर लावत होते. बाई म्हणाल्या, किडनी मिळाली आहे, संध्याकाळी सहाच्या आत आईला घेऊन दारात हजर व्हा, दुसऱ्या एकालाही बोलावून ठेवलंय. दुसऱ्या एकालाही. तेवढंच माझ्या डोक्यात बसलं. आईची पिशवी भरलेलीच होती. दादाने स्टिअरिंग धरलं, बाबा त्याच्या शेजारी, मी आणि आई मागे.

अर्धा चढ बरा गेला. मग वास आला, तेल तव्यावर जळल्यासारखा. मी मागच्या काचेतून बघितलं तर निळा धूर रस्ताभर पसरलेला. "दादा, धूर," मी म्हटलं. त्याच वेळी समोर लाल दिवा लुकलुकला. दादाने गाडी कडेला घेतली, तिची एका बाजूची चाकं मातीच्या उंचवट्यावर चढवली आणि इंजिन बंद केलं. आईने माझा हात धरला. तिचा हात नेहमी गार असतो, त्या दिवशी माझाही गार होता.

दादाने बॉनेट उघडलं, थोडं थांबून तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत काढली आणि बघतच राहिला. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं आणि त्याला फेस आला होता. तेल जास्त झालं की असं घुसळून फेसाळतं, आणि नुसता फेस फिरला की तेल नसल्यासारखाच लाल दिवा लागतो.

"हे शक्यच नाही," तो मला म्हणाला. "मी परवाच मिस्त्रीकडून सिंथेटिक भरून आणलं. खुणेपर्यंत, माझ्या डोळ्यांसमोर."

"परवा? आणि सांगितलंस कुणाला?"

"कुणाच्या हाती निरोप देऊ? टपाल तूच बंद केलंस."

मी त्याला काहीतरी लागट बोलणार होते, पण बाबांकडे लक्ष गेलं. त्यांचा चेहरा उतरला होता. दादाने पाना काढायला डिकी उघडली, तर पान्याच्या पिशवीमागे साध्या तेलाचा डबा. रिकामा.

"त्याला सांग," बाबा माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "सकाळी पट्टी कोरडी होती. ठणठणीत. थोडं ओतलं, परत बघितलं, तरी कोरडीच. तेल संपलंय आणि याला पत्ता नाही, असं वाटलं मला. आजच फोन आला तर काय करायचं? म्हणून सगळा डबा ओतला."

"कोरडी कशी असेल?" दादाचा आवाज चढला. "त्यांना विचार, पट्टी..."

"मी कुणाला काही विचारणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका चिरकला की आईने काच खाली केली. "आई आत बसलीये. वेळ जातोय. तुम्हाला तोंडं दिलीत ना देवाने? मग बोला."

दादाने पट्टी बाबांपुढे धरली. बाबांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली, उजेडाकडे वळवली, परत जवळ आणली. मी त्यांना पेपर वाचायला चष्मा लावताना रोज बघते, पण गाडीजवळ त्यांनी तो कधी लावला नाही. ज्या माणसाची नोकरी डोळ्यांवर चालली, तो गाडीसमोर चष्मा कसा लावेल?

"मला दिसत नाही," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, दादाकडे बघून. "काळं तेल दिसायचं. हे नवीन तेल पाण्यासारखं, पट्टीवर आहे की नाही तेच कळत नाही. तुम्हाला बोललो नाही."

दादाने बाबांच्या हातातून पट्टी घेतली आणि उगाचच परत पुसली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने बाहीला पुसलं.

"काय ठरलं?" आईने काचेतून विचारलं. "मला जरा घाईचं काम आहे."

मी इस्पितळाला फोन लावला. त्यांची गाडी इथवर येऊन परत जायला आम्ही जाऊ त्याच्या दुप्पट वेळ लागणार होता. रस्त्यात उभी राहून मी हात दाखवत होते, तर एक टँकर थांबल्यासारखा करून गेला आणि एक गाडी माणसांनी खच्चून भरलेली. सहा कधी वाजतात ते बघायची मला हिंमत होत नव्हती.

"खालून तेलाच्या चेंबरचा नट सैल करून जास्तीचं काढावं लागेल," दादा म्हणाला. "पण तेल कढतंय. आणि नट पूर्ण निघाला तर सगळंच वाहून जाईल."

"नट माझ्याकडे," बाबा म्हणाले. "तो हाताला कळतो, त्याला डोळे लागत नाहीत. पट्टी तू बघ."

"भाजेल तुम्हाला."

"भाजू दे."

चाकं उंचवट्यावर होती म्हणून बाबा कसेबसे खाली सरकले. रिकामा डबा मी कापून दिला, माझी कात्री पर्समध्ये असतेच. खालून बाबांचा कण्हल्यासारखा आवाज आला आणि तेल डब्यात पडायला लागलं.

"आता?" बाबांनी विचारलं. दादाने पट्टी बघितली. "अजून जाऊ द्या." "आता?" "अजून थोडं." "आता बघ." "बास बाबा. बंद करा."

महिनोन्‌महिने ज्यांच्यासाठी मी शब्द वाहिले, ते असे समोरासमोर बोलत होते. मला बरं वाटायला सवड नव्हती. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा पंजा लालभडक झाला होता. आईने पिशवीतून टॉवेल काढला, पाण्याने भिजवला आणि काही न विचारता त्यांच्या हाताला गुंडाळला.

इंजिन चालू झालं. धूर कमी झाला, दिवा विझला. आम्ही माथा ओलांडला, उतरलो, शहरात शिरलो. इस्पितळाची पाटी दिसली तेव्हा मी पहिल्यांदा धड श्वास घेतला, आणि तेवढ्यात तेलाचा लाल दिवा लागला. या वेळी लुकलुकला नाही, तसाच पेटून राहिला. कुठलं तरी सील मघाच फुटलं असणार, आणि वाटभर तेल गळत आलं असणार.

दादाचा पाय आपोआप वर आला. लहानपणापासून त्याच घरात वाढलाय तो, लाल दिवा म्हणजे थांबायचं हे त्याच्या हाडात मुरलंय. समोर गाड्यांची रांग, सहाला अगदी थोडा अवकाश, आणि आईला चार पावलं चालली तरी धाप लागते.

"पाय काढू नकोस," बाबा म्हणाले.

"बाबा, इंजिन जाईल."

"जाऊ दे. तिला पोचव."

दादाने पाय दाबला. इंजिनातून ठकठक आवाज यायला लागला, मग घरघर. बाबा समोरच्या त्या दिव्याकडे बघत बसले होते. टॉवेलात गुंडाळलेला हात त्यांनी छातीशी धरला होता. इस्पितळाच्या फाटकात गाडीने एक आचका दिला आणि अर्धी आत, अर्धी बाहेर अशी कायमची बंद पडली.

मी आईला उतरवलं. दारातली नर्स नाव विचारत धावत आली आणि म्हणाली, "आलात? चला, चला, वेळेत आहात." तिने खुर्ची पुढे केली, आईला बसवलं. मागे पहारेकरी शिट्टी फुंकत होता, कारण आमच्या गाडीमागे रुग्णवाहिका अडली होती. दादा मागून गाडी ढकलत होता आणि बाबा खिडकीतून डाव्या हाताने स्टिअरिंग वळवत तिच्याबरोबर चालत होते.

"म्हटलं होतं ना, पातळ तेल सील सोडवणार म्हणून," बाबांचा आवाज आला.

"एका पोटात दोघांचं तेल कोंबल्यावर सील काय करणार?" दादा ओरडला. "डावीकडे घ्या, डावीकडे."

"मला शिकवू नकोस. जोर लाव."

आईने खुर्चीच्या चाकावर हात ठेवला आणि खुर्ची थांबवली. तिला मान वळवून तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"काय चाललंय गं?"

"भांडतायत."

"कुणाशी?"

"एकमेकांशी," मी म्हटलं.

आईने चाकावरचा हात काढून मांडीवर घेतला. "चला," ती नर्सला म्हणाली.