शेजारच्या दोन गाठी

साडीच्या काठाची नवी नक्षी बसवायला थोरल्या जाऊबाईंनी चार महिने घातले होते. आज व्यापारी येऊन ती पसंत करणार, मग वर्षभर तोच काठ त्यांच्या मागावर चालणार, या एका आशेवर त्यांचे डोळे दाराकडे लागले होते.

काठातल्या धाग्यांची मोजणी त्या कागदावर लिहीत नसत. सुताच्या दोरीवर सात रंगीत खुणा असायच्या: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस. मागच्या दोन मिळवल्या की पुढची तयार. हवी ती बेरीज होईल अशा खुणांवर गाठी मारायच्या. एकोणतीस धागे म्हणजे एकवीसवर एक गाठ, आठवर एक. मात्र शेजारच्या दोन खुणांवर गाठी मारायच्या नाहीत. आल्याच तर त्या सोडून पुढच्या खुणेवर एकच मारायची.

युक्ती त्यांची स्वतःची. शिकवली फक्त धाकट्या जावेला. धाकटी हाताची चलाख, पण आठ म्हटलं की पाच नि तीनवर गाठी मारून मोकळी.

"अगं, शेजारी बसवल्यास की भांडतात त्या," असं म्हणत थोरल्या हसून गाठी सोडवायच्या.

व्यापारी आला. नक्षी पाहून त्याचा चेहरा पडला.

"बाई, हाच काठ मी गेल्या आठवड्यात पलीकडच्या कारखान्यातून घेतला." त्याने पिशवीतून नमुना काढला. कोपऱ्याला दोरी लटकत होती. "हे काय बांधलंय, देव जाणे. मालकालाही सांगता येईना."

थोरल्यांनी दोरी बोटांनी चाचपली. एकवीसवर गाठ. पाचवर गाठ. तीनवर गाठ. आठाच्या जागी शेजारच्या दोन गाठी.

नक्षी न घेताच व्यापारी गेल्यावर त्यांनी धाकटीला हाक मारली. रागाने शब्द काढायचा नाही हा त्यांचा रोजचा नेम. आज तो फार जड गेला.

"तूच दिलीस ना त्या कारखान्याला ही नक्षी?"

"दिली. दोन माग माझ्या हाताखाली दिलेत त्यांनी. इथे जन्मभर तुमचे धागेच भरत बसले असते."

"मला म्हणायचंस. अर्धा काठ तुझ्या नावाने दिला असता."

"द्याल हो! इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालात?"

थोरल्या मागावरचा काठ हाताने सारखा करू लागल्या.

धाकटी थोडी घुटमळली. "जाऊबाई, एवढं सांगाल? शेजारी गाठी का नकोत? तिथल्या बायका विचारतात, मला सांगता येत नाही."

थोरल्या हळूच म्हणाल्या, "एका आकड्याच्या गाठी एकाच तऱ्हेने पडतात मग. कुणाचा हात चुकला की लगेच दिसतं."

धाकटीने ते दोनदा पुटपुटून पाठ केलं आणि चपला पायात सरकवल्या.

थोरल्या मागाशी बसल्या. चार महिन्यांचे ते धागे कात्रीने एकेक करून कापू लागल्या.