टॅकेटांची हजेरी

लेक झेला दर वर्षी शनिवारीच येते, ही ऑर्लीना टॅकेटची जुनी तक्रार होती. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळं कुळ टेकडीवरच्या थडग्यांपाशी जमतं, फुलं वाहतं, गवतावर चादरी अंथरून जेवतं. ही बाई आदल्या दिवशी उजाडताच येते, गवत कापते, बापाच्या दगडावरचं शेवाळ खरवडते, कागदी फुलं खोचते आणि कोणाची गाडी वळणावर दिसायच्या आत निघून जाते. टेकडीच्या पायथ्याशीच आईचं घर. आई ओसरीवर बसलेली. पण गाडी थांबवणं नाही, नुसता हात हलवणं नाही.

"कामाची बाईसुद्धा जाताना हाक मारून जाते," ऑर्लीना शेजारणीला सांगायची. अठरा वर्षं सांगत होती. शेजारीण मान हलवायची, कारण त्या खोऱ्यात ऑर्लीनाला उलट बोलणारं माणूस उरलंच नव्हतं. तिची शाळा चौथीत सुटली होती. सोळाव्या वर्षी ती टॅकेटांच्या घरात आली, आणि आज चौऱ्यांशीव्या वर्षी कोणता टॅकेट कोणत्या साली किती मतांनी निवडून आला हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

त्या वर्षी शुक्रवारी दुपारी नातू आला. क्ले, तिच्या मुलाचा, डेन्व्हरचा मुलगा. डेन्व्हर सोळा वर्षं राज्याच्या सिनेटमध्ये बसला आणि दोन वर्षांपूर्वी वारला. क्लेला आता थेट वॉशिंग्टनला, देशाच्या संसदेत जायचं होतं. पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक येत्या मंगळवारी. त्यानं एक लांबलचक कापडी फलक आणला होता. ओसरीच्या दोन खांबांना बांधून त्यानं तो उलगडला. हिरवं झाड आणि फांद्यांवर नावं. परवा वर्तमानपत्रवाले येणार, त्यांना हे थडग्यांपाशी टांगलेलं दिसायला हवं, असं त्यानं सांगितलं.

ऑर्लीनाला वाचन फारसं येत नसे, पण नावं वाचता येत. तिनं काठी टेकली आणि बोट लावून मुळापासून सुरुवात केली.

तळाशी व्हर्जिनियातला कोणी तलवारवाला होता. हा कोण, तिनं विचारलं. वंशावळी शोधून देणाऱ्या माणसानं तो हुडकून दिला, असं क्ले म्हणाला.

"ह्याला आपल्या घरात कोणी कधी जेवू घातलेलं नाही," ती म्हणाली आणि बोट पुढे सरकवलं.

पुढे जेरेमाया टॅकेट, 'नदीवरील व्यापारी'. ऑर्लीना हसली. जेरेमाया नावाडी होता. मतदानाच्या दिवशी तो आपल्या माणसांना फुकट पलीकडे न्यायचा आणि बाकीचे काठावर आले की नावेला भोक पडायचं. ज्याला पोहता येईल त्यानं दुसऱ्याला मत द्यावं, असा त्याचा हिशेब. त्यावर तो तीनदा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, झाला. त्याचा मुलगा हार्लन, तिचा सासरा, त्या जिल्ह्याचा, काउंटीचा, कारभारी. ज्या वस्तीनं मत दिलं तिच्या रस्त्यावर खडी पडायची. ज्यांनी दिलं नाही त्यांची पोरं एप्रिल संपेपर्यंत चिखलातून शाळेत जायची. मग तिचा नवरा बर्ल. तो विधानसभेत गेला तो गोड बोलून. त्याला खोऱ्यातल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव ठाऊक होतं. हे सगळं ती अभिमानानंच सांगे. राजकारण कसं करतात हे तिला नीट माहीत होतं. लाजण्यासारखं त्यात काही असेल असं तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. एक गोष्ट सोडून.

बर्लच्या नावाशेजारी तिचं नाव होतं. दोघांखाली एकच फांदी, 'ज्येष्ठ पुत्र डेन्व्हर'.

ऑर्लीनाचं बोट तिथे थांबलं.

"मी दोनदा बाळंत झाले," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी तिथे होते, मला आठवतं."

क्ले थोडा अवघडला. सगळं घरातल्या बायबलवरून उतरवलंय, असं तो म्हणाला. बायबलच्या मधल्या पानांवर टॅकेटांचे जन्म, लग्नं, मृत्यू लिहिलेले होते. हिवाळ्यात तो ती पानं घेऊन बसला होता. "तिथं झेला आत्याची ओळ खोडलेली आहे, आजी. निळ्या शाईनं. मी आपल्या मनानं काहीच गाळलं नाही."

तो खरं बोलत होता. ती ओळ बर्लनं खोडली नव्हती, ऑर्लीनानं स्वतः खोडली होती. अक्षर गिरवायला तिला वेळ लागे, पण रेघ मारायला लागला नाही.

क्ले पुढे बोलत राहिला. आत्याचं नाव लावलं की वर्तमानपत्रवाले अठरा वर्षांपूर्वीचं उकरून काढणार. सख्खी बहीण भावाविरुद्ध उभी राहिली, एक्केचाळीस मतांनी पडली, मग कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून मतपेटीबद्दल नाही नाही ते बोलली. मंगळवार जवळ आलाय. आत्याला तसंही काही फरक पडत नाही, ती रविवारी येतही नाही.

"परवा नावं तूच पुकारशील ना?" त्यानं विचारलं.

ही त्या घरातली रीत होती. जेवणाआधी घरातली सर्वांत वडील बाई थडग्यांमध्ये उभी राहून जेरेमायापासून खाली एकेक नाव घेते. मेलेल्याच्या नावाला त्याच्या वंशातलं कोणीतरी 'इथेच आहे' म्हणतं, जिवंत माणूस 'हजर' म्हणतो. त्यानंतरच उमेदवारानं बोलायचं. हजेरी न होता उभा राहिलेला टॅकेट अजून जन्माला आला नव्हता.

पुकारीन, ऑर्लीना म्हणाली. क्लेनं तिच्या गालाचा मुका घेतला, फलक गुंडाळला आणि गाडीत बसताना हसून म्हणाला की आजी, बर्ल आजोबांच्या नावानंतर तू दर वर्षी जरा थांबतेस, यंदा थांबू नकोस, लोकांना वाटतं तुला दम लागला.

गाडी गेल्यावर ती आत जाऊन घेवडा निवडत बसली, आणि निवडून झालेला घेवडा तिनं पुन्हा निवडला.

शनिवारी सकाळी झेलाची गाडी घरावरून वर गेली तेव्हा ऑर्लीना बूट घालून तयार होती. टेकडी तिला पाऊण तास पुरली. दोनदा कुंपणाचा खांब धरून उभं राहावं लागलं.

झेला त्रेसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, विळा घेऊन बर्लच्या थडग्यापाशी गुडघ्यांवर बसली होती. आईला पाहून तिनं विळा खाली ठेवला, पण उठली नाही.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. मी यायचं नाही का?"

"आज शनिवार आहे, आई. तुमचा दिवस उद्या."

"गवत चांगलं कापतेस," ऑर्लीना म्हणाली. "डेन्व्हरच्या बाजूचं राहिलंय."

"त्याचं शेवटी कापते. कंटाळा आला तर राहू द्यावं म्हणून." झेलानं अंगावरचा कोट काढून दगडी कठड्यावर पसरला. "बैस. बाबांच्या दगडावर टेकू नकोस, तो हलतो."

ऑर्लीना बसली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. खाली तिचं घर दिसत होतं, स्वयंपाकघराचं धुराडं दिसत होतं. तिनं क्लेच्या झाडाची हकीकत सांगितली. तलवारवाला आला म्हणून सांगितलं, जेरेमाया व्यापारी झाला म्हणून सांगितलं. झेला हसली. मग ज्येष्ठ पुत्राचं सांगितलं, तेव्हा झेलानं पुन्हा विळा उचलला.

"बरोबरच लिहिलं त्यानं. मी काय पुत्र नाही," ती म्हणाली. आणि खाली बघून गवत कापतच म्हणाली, "मला फांदी नकोय, आई. मी ती कधी मागितली नाही. मी त्या वेळी तुला एक प्रश्न विचारला होता. तू दार लावून घेतलंस."

प्रश्न ऑर्लीनाला पाठ होता. डाव्या खोऱ्यातली मतपेटी तीन मैलांवरून मोजणीसाठी कोर्टात यायच्या आधी पूर्ण दिवस कुठे होती, हे तुला ठाऊक आहे का, असा तो होता. त्याच खोऱ्यात झेलाची शाळा होती, तिथल्या आयाबायांनी तिला रांगेनं मतं दिली होती. पेटी पोचली तेव्हा त्यात मतं निघाली ती डेन्व्हरची. मग कोणी झेलाला वेडी म्हटलं, कोणी हावरी. बर्ल म्हणाला, भावाचं वाईट चिंतणारी. ऑर्लीनानं बायबल उघडलं आणि पेन मागितलं.

"तेव्हा डेन्व्हर होता," ऑर्लीना म्हणाली.

"आता क्ले आहे."

"क्लेनं काही उचललं नाही."

"नाही. त्याला फक्त आयतं मिळालं." झेलानं मूठभर गवत कुंपणापलीकडे फेकलं. "तू आता खाली जा. ऊन चढलं की तुला उतरवत नाही."

ती तुसडेपणानं बोलली नव्हती, आजाऱ्याला औषधाची वेळ सांगावी तसं बोलली. पुढच्या वर्षीच्या शनिवारीही ती अशीच येईल, त्याच्या पुढच्याही, आणि एका वर्षी आईच्या दगडाभोवतीचंही गवत इतकंच नीट कापेल, हे ऑर्लीनाला स्पष्ट दिसलं. तेव्हा उत्तर द्यायला ती दगडाखाली असणार.

ती काठीवर भार देऊन उभी राहिली. धाप लागली होती तरी आवाज नेहमीचाच होता, दारावर आलेल्या माणसाला बाहेरच उभं करणारा.

"आई घरात असताना तू चोरासारखी येऊन जातेस, हे वाईटच वागणं आहे, आणि मी ते मरेपर्यंत वाईटच म्हणणार. पण ती निवडणूक तू जिंकली होतीस, झेला. पेटी माझ्या स्वयंपाकघरात होती, पिठाच्या डब्याशेजारी. चिठ्ठ्या बदलणाऱ्या चौघांना मी घेवडा आणि मक्याचा पाव वाढला, आणि पाव कमी पडला म्हणून पुन्हा भाजला. उद्या हे मी नावं पुकारताना सांगणार आहे, वर्तमानपत्रवाल्यांसमोर. क्लेला पोहता येत असेल तर येईल पलीकडे. तुझं नाव डेन्व्हरच्या आधी घेईन, कारण तू मोठी. तेव्हा उद्या ये, आणि 'हजर' मोठ्यानं म्हण. मला हल्ली कमी ऐकू येतं."