बांदाबाईंचं आवतण

एकता रामटेकेच्या सिंगापुरातल्या, हौगांगच्या फ्लॅटमध्ये त्या शनिवारी दुपारी झांबियाच्या सहलीची शेवटची बैठक होती, आणि प्रबोध नेहमीप्रमाणे जय्यत तयारीनिशी आला होता. म्हणजे लॅपटॉप, चार्जर, बायको अश्लेषा आणि मुलगी गार्गी. तिथल्या मराठी मंडळातली काही कुटुंबं जूनच्या सुट्टीत लुआंग्वाच्या अभयारण्यात निघाली होती. हत्ती, बिबटे, बंदूकवाल्या रक्षकाबरोबर पायी भटकंती, हे सगळं प्रबोधकडे. जंगलाच्या वेशीवरच्या गावातला एक दिवस एकताकडे. तिथे ढोल होते, मडकी घडवणाऱ्या बाया होत्या आणि शेवटी त्यांच्याच अंगणात जेवण. बिबटे एकताला फोटोत दिसले तरी चालणार होते. ती चालली होती त्या जेवणासाठी.

पण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय प्रबोधला चैन कुठली! आंग मो किओच्या ऑफिसातही तो असाच, लोक सवयीनं सोसतात.

व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सकाळ होती. गावातल्या बायांच्या गटाच्या प्रमुख ग्रेस बांदा डोक्याला रंगीत फडकं बांधून पडद्यावर आल्या, सगळ्यांची नावं विचारून घेतली, गार्गीकडे बघून हसल्या. मग जरा थांबून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडून ईमेल आली. तुम्ही नाच बघणार, मडकी बघणार, पण जेवणार नाही. स्वतःचं अन्न आणणार. आमच्या बाया विचारतात, आमचं काही चुकलं का?"

एकतानं प्रबोधकडे पाहिलं. प्रबोध चार्जरच्या वायरचा गुंता सोडवू लागला.

"मी थोड्या वेळात परत फोन करते," एकता म्हणाली आणि कॉल बंद केला. "कुणी पाठवली ही ईमेल?"

"अगं, मीच. तुझा वेळ वाचावा म्हणून," प्रबोध म्हणाला. "त्यात एवढं काय? आपण स्वित्झर्लंडला गेलो तरी दशम्या आणि मेतकूट नेतोच की."

"स्वित्झर्लंडमध्ये कुणी तुला घरी जेवायला बोलावलं होतं?"

"गार्गीचं पोट नाजूक आहे गं," अश्लेषा समजावणीच्या सुरात म्हणाली. "आणि आम्ही शाकाहारी. तिकडे काय घालतात कशात, काय माहीत!"

"मक्याच्या पिठाचा गोळा. आणि भोपळ्याचा पाला, दाण्याचं कूट घालून. मी विचारलंय."

"दाण्याचं कूट?" अश्लेषा क्षणभर विरघळली, पण लगेच सावरली. "तरीपण, पाणी कुठलं असेल…"

"अय्यो, जस्ट ईट लाह," गार्गी फोनमधून डोकं वर न काढता सिंगापुरी ढंगात म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

एकताचा आवाज चढला नाही. तिचा आवाज चढत नाही तेव्हाच खरं तर जपून राहावं.

"माझ्या बाबांनी वर्ध्याला घर बांधलं, तेव्हा त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांना जेवायला बोलावलं. सगळे आले. घराचं कौतुक केलं, बुद्धमूर्तीचं कौतुक केलं. ताटं वाढली आणि एकेकाला आठवलं. कुणाचा उपास होता, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणी आत्ताच जेवून आलेला. कुणी वाईट शब्द बोललं नाही, सगळे हसून बोलत होते. आईनं भरलेली ताटं एकेक करून आत नेली. त्या दिवशी बाबा अंगणातून घरात आलेच नाहीत." ती प्रबोधकडे वळली. "माझ्या नावानं ही गोष्ट कुणाच्या अंगणात होणार नाही, प्रबोध. मी होऊ देणार नाही."

"एकता, तू भलतीकडे नेते आहेस हे. आमच्या मनातसुद्धा तसं काही—"

"तुझ्या मनातलं बांदाबाईंना दिसत नाही. त्यांना परत गेलेली ताटं दिसतील. ज्याला जेवायचं नाही, त्यानं गावात यायचं नाही. लॉजवर बसा, माकडं बघा. मंडळाच्या ग्रुपवर मी आजच तसं लिहिते. सगळे मागे राहिले तर मी एकटी जाईन, पण जेवून येईन."

तिनं सगळ्यांच्या देखत पुन्हा फोन लावला. "ईमेल चुकून गेली. त्याबद्दल माफ करा," ती म्हणाली. "आम्ही जेवणार आहोत."

बांदाबाई खळखळून हसल्या. मागे कुणाला तरी त्यांच्या भाषेत ओरडून त्यांनी ते सांगितलं, आणि तिकडेही हसणं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "पण तुमचं अन्नही आणा हं. तुम्ही आमचं खाल आणि आम्ही तुमचं खाणार नाही, असं कसं चालेल?"

प्रबोधनं लॅपटॉप मिटला आणि दशम्या जास्त कराव्या लागतील, एवढंच पुटपुटला.

निघताना चपला घालताघालता अश्लेषा दारात घुटमळली. प्रबोध आणि गार्गी लिफ्टपाशी पोचले होते.

"एकता," ती खालच्या आवाजात म्हणाली, "इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे कधी जेवले नाही, ना गं?"

"नाही."

"दरवेळी काहीतरी निमित्त… मला खरंच कळलं नाही."

"मला कळत होतं."

अश्लेषाचे डोळे भरून आले. "आज जेवू?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि सोपं करून द्यायची एकताची मुळीच इच्छा नव्हती.

"आज नाही," ती म्हणाली. "सकाळचं उरलेलं आहे घरात, आणि ते मी पाहुण्यांना वाढत नाही. उद्या रविवारी दुपारी या तिघं. ताजं करते."