सॉरीसाहेब

“तुमचं सॉरी काय दिव्यात घालून पेटवू?” खिडकीबाहेरच्या बाई कडाडल्या.

“सॉरी, ताई. वायरमन निघालाय. अर्ध्या तासात नाही आला तर परत या आणि मलाच ओरडा.”

बाई पुटपुटत गेल्या. बाबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

बाबा वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर कारकून होते. बिघाड कुणाचा तरी, तार दुसऱ्याच कुणी जोडलेली, आणि सॉरी म्हणायचं बाबांनी. वायरमन त्यांना ‘सॉरीसाहेब’ म्हणत. संध्याकाळी हटकून विचारत, “काय साहेब, आज किती सॉऱ्या झाल्या?”

“चाळीस. त्यातल्या दोन खऱ्या,” बाबा तोंड गंभीर ठेवून सांगत.

चेष्टा करत, पण त्या शब्दाला ते जपत. समोरच्याचं बोलून संपल्याशिवाय सॉरी म्हणायचं नाही. म्हटल्यावर ‘पण’ जोडायचं नाही. “पण आला की सॉरी मेलं,” म्हणायचे. पुढे मी इंग्रजी पुष्कळ वाचलं. हा शब्द इतक्या जबाबदारीनं वापरणारं कुणी मला त्या वाचनात भेटलं नाही.

सतरा वर्षांची होते तेव्हा सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची. ते मागच्या खोलीत जेवायला बसले की फोन मी उचलायची. नियमात बसत नव्हतं, पण दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न. एका दुपारी एका दुकानदाराचा फोन आला, शेजारच्या टेलरच्या दुकानाच्या शटरला करंट लागतोय, दुकान बंद आहे, तो जेवून येईल तेवढ्यात कुणाला तरी पाठवा. मी चिठ्ठी लिहिली. कादंबरीची शेवटची वीस पानं उरली होती. बाबांची पावलं वाजली तशी मी चिठ्ठी खुणेसाठी पानांत घातली, पुस्तक मिटलं, रिकामा डबा उचलला आणि घरी आले.

टेलर जेवून आला. त्यानं शटरला हात लावला.

जीव वाचला. उजवा हात भाजला तो बोटांच्या सांध्यांपर्यंत.

संध्याकाळी बाबांनी घरी येऊन विचारलं, “दुपारी फोन आला होता?” माझी नजर उशाकडे गेली. पुस्तक तिथेच होतं. त्यांनी ते उघडलं, चिठ्ठी काढली, घडी घातली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

“माझ्या खिशात राहिली,” ते म्हणाले. “फोन उचलणं माझं काम. तू गप्प बसायचं.”

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. चौकशीत त्यांनी तेच सांगितलं. त्यांना खिडकीवरून काढलं आणि निवृत्त होईपर्यंत जुन्या मीटरच्या गोदामात बसवलं. तिथे सॉरी म्हणायला कुणी माणूसच येत नसे. घरात त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.

गेल्या महिन्यात बाबा गेले. माझ्या ऑफिसातले एकेक जण टेबलाशी येऊन “सॉरी” म्हणून गेले. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते सगळे म्हणाले.

रविवारी मी टेलरचं दुकान शोधत गेले.

दुकान अरुंद होतं. तो मशीनवर नव्हता, मांडीवर पँट घेऊन डाव्या हातानं तळपट्टी शिवत होता. उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वळलेली. मी बाबांचं नाव सांगितलं.

“त्याची मुलगी का तू?” त्यानं मान वर केली. “चार रविवार झाले, फिरकला नाही. म्हटलं, कंटाळला वाटतं शेवटी.”

मला कळेना. रविवारी सकाळी बाबा फिरायला जायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं.

“पहिल्यांदा आला तेव्हा सॉरी म्हणाला,” टेलर सांगू लागला. “मी म्हटलं, ते तुझ्या खिडकीत ठेव. मला सुई ओवता येत नाही, त्याचं बोल. तर बसला तिथंच पायरीवर. आठवड्याच्या सुया ओवून दिल्या. निम्म्या काळ्या, निम्म्या पांढऱ्या. पुढच्या रविवारी परत हजर. बावीस वर्षं.”

“बाबा गेले, काका.”

त्याची सुई थांबली.

“आणि ती चिठ्ठी त्यांच्या खिशात राहिली नव्हती. फोन मी घेतला होता. चिठ्ठी मी माझ्या पुस्तकात विसरले. सॉरी.” मी तेव्हा लहान होते, हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

त्यानं मांडीवरची पँट बाजूला ठेवली. रागावेल असं वाटलं. मला ते बरंही वाटलं असतं.

“बावीस वर्षं त्या पायरीवर बसला,” तो म्हणाला. “मी एकदा आत ये म्हटलं नाही. चहा विचारला नाही. तुझ्यामुळं.”

“हो.”

“हे तो असताना सांगायचं होतंस.”

मी पायरीवर बसले.

“तिथं नको. आत बस,” तो खेकसला, आणि सुया टोचलेली छोटी गादी पायानंच माझ्याकडे सरकवली. सगळ्या सुया बिनदोऱ्याच्या होत्या.

मी रीळ घेतलं. पहिली सुई तिसऱ्या खेपेला ओवली गेली. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत मोजून तोडला आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं तो डोळ्यांपुढे धरून ताणला.

“आखूड आहे,” तो म्हणाला. “त्याचा हात लांब होता.”

पुढचा दोरा मी चार बोटं जास्त घेतला.