पालथा पाव

आमच्या गावात कुणाच्या घरी किती तोंडं खातात हे पाद्रीबाबांपेक्षा मला जास्त ठाऊक. गावाची भट्टी माझ्या हातात ना! दर शनिवारी बायका डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी आणि फळीवर मळलेले ताटाएवढे पाव घेऊन येतात. ओळखू यावेत म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का वेगळा. झेलिंदाचा विळा, आर्जियाची किल्ली, माझी चांदणी. मी भाजते आणि भाजता भाजता मोजते. मोजू नये का? देवानं डोळे काय शोभेला दिलेत?

त्या हिवाळ्यात तर मी डोळ्यांत तेल घालून मोजत होते. माझा ओरेस्ते सप्टेंबरात भरती चुकवून डोंगरात पळाला होता. एकोणीस वर्षांचं पोर. चार महिने चिठ्ठी नाही, निरोप नाही. खाली रस्त्यावर जर्मन, पुलावरच्या चौकीत आपलेच काळे शर्टवाले फॅसिस्ट. आणि जानेवारीत वरच्या कुरणातल्या गवताच्या गंजीतून दोन पोरं उचलली गेली. इतक्या गंज्या उभ्या असताना नेमकी तीच कशी उसकटली? गावातल्याच कुणीतरी चुगली केली होती. आज ती दोघं, उद्या माझा ओरेस्ते. माझी झोप उडाली. मी ठरवलं, हे तोंड कुणाचं ते मीच शोधून काढणार.

फार शोधावं लागलं नाही. आर्जिया! एकटी विधवा, आठवड्याला एक पाव तिला पुरून उरायचा. नाताळनंतर ती पाच आणायला लागली. पाच! सगळा गहू सरकारी कोठारात घालायचा हुकूम, आम्ही पिठात उकडलेले बटाटे कालवून दिवस ढकलतोय, आणि हिला पाचांचं पीठ कोण देतं? तिचा मेलेला नवरा काळ्या शर्टवाल्यांच्या कचेरीत कारकून होता. वर ही बाई रोज फुलं घेऊन त्याच्या थडग्यावर जायची. तो जिवंत असताना हिनं त्याच्या डोक्यात घातलेल्या तव्याचा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकलाय, आणि आता रोज फुलं? कबरस्तानाची वाट चौकीवरूनच जाते, हेही सांगून ठेवते.

ती कुणाला लपवत असेल असं मनात आलं नाही का? आलं. पण जिनं कधी मांजराला दूध घातलं नाही, ती?

“आर्जियाबाई, पाहुणे आलेत वाटतं घरी?” मी एकदा विचारलंच.

“नाही. भूक वाढलीये.”

“या वयात?”

“या वयात तुझी जीभ नाही का वाढत, सेत्तिमिया?”

असं झोंबलं म्हणून सांगू!

आमच्याकडे पाव कधी पालथा ठेवत नाहीत. पूर्वी भट्टीवाले फाशी देणाऱ्याचा पाव तसा ठेवायचे, दुसऱ्या कुणी त्याला शिवू नये म्हणून. घरात चुकून पालथा पडला तर आई आधी हातावर फटका द्यायची, मग पाव सुलटा करून त्याचा मुका घ्यायची. त्या शनिवारी मी आर्जियाचे पाचही पाव भट्टीतून काढले आणि सगळ्या बायकांसमोर फळीवर पालथे घातले.

आर्जियानं माझ्याकडे पाहिलं, एकेक पाव सुलटा केला, फळी उचलली आणि गेली. माझ्या मनात आलं, निर्दोष असती तर भांडली नसती?

बस्स. गावानं तिच्यासाठी दारं लावली. गिरणीवालीनं तिचं धान्य दळायलाच नकार दिला. पुढच्या शनिवारी ती आलीच नाही. त्यानंतरच्या बुधवारी झेलिंदाचा एर्सिलियो, तोही डोंगरात पळालेला, घरी येताना पुलावर पकडला गेला. मी झेलिंदाला पोटाशी धरलं आणि म्हटलं, “बघ, सांगत नव्हते? हे तिचंच काम. पालथ्या पावाचा सूड उगवला सटवीनं.” झेलिंदा माझ्या खांद्यावर रडत राहिली.

शुक्रवारी दुपारी हातभर अंतरावरचं दिसू नये इतकं धुकं होतं. मी भट्टीमागे सरपण काढत होते, तर काटक्यांच्या ढिगामागून आवाज आला, “आई.”

ओरेस्ते! गालांची हाडं वर आलेली, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी त्याला कवटाळलं, दोन शिव्या घातल्या, मग पुन्हा कवटाळलं. त्यानं पिशवीतून पावाचा एक दगडासारखा कडक, टोकाचा तुकडा काढला. “हा शेवटचा. दोन आठवडे वर काहीच आलं नाही. आर्जियामावशी आजारी आहे का गं?”

मी तुकडा हातात घेतला. करपलेल्या पाठीवर अर्धी किल्ली उमटलेली होती. भाजलेला माझ्याच हातचा.

“ती… तुम्हाला…?”

“नाताळपासून. सहा जणांना. नवऱ्याच्या थडग्यात गव्हाची पोती दडवलीत तिनं. फुलांच्या टोपलीतून रोज थोडा थोडा घरी न्यायची. पाव आले नाहीत म्हणून एर्सिलियो खाली उतरला. तो पोचला ना?”

मी खाली बसले. “मला का नाही सांगितलं रे?”

त्यानं मान खाली घातली. “मीच तिला शपथ घातली होती, आई. तुला कळलं की दुपारच्या आत घंटेच्या मनोऱ्यालाही कळतं.”

घरात होतं तेवढं सगळं पीठ शालीखाली घेऊन मी आर्जियाच्या दारात गेले. तिनं दार किलकिलं करून विचारलं, “आज काय पालथं घालायला आलीस?”

मी तिच्या पायाशीच बसले. हुंदका आवरेना.

“पिठावर रडू नकोस, चिकट होईल,” ती म्हणाली. “आणि उद्या चारचौघांत माफी मागायला जाशील तर याद राख. चौकीतला शिपाई दर शनिवारी तुझ्याच भट्टीवर हात शेकतो. त्याला कळलं तर पाच पोरं जातील.” मग तिनं शिक्का काढला. आम्ही दोघींनी मिळून मळलं.

शनिवारी शिपाई होता, बायका होत्या, झेलिंदाही होती, डोळे सुजलेले. मी आर्जियाचे पाच पाव काढले आणि उताणे ठेवले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी माझा पाव काढला, चांदणीचा. तो पालथा घातला. तोंडानं तर बोलता येत नव्हतं.

“काय गं हे?” झेलिंदा पुढे आली. “धांदरट कुठली!” तिनं माझा पाव सुलटा केला, त्याचा मुका घेतला आणि माझ्या हातात दिला. “तुझ्या घरावर हे कशाला? माझ्या पोरासाठी तूच एकटी बोललीस.”

आर्जिया तिथेच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, फळी उचलली आणि गेली.

जूनमध्ये जर्मन निघून गेले आणि ओरेस्ते घरी आला. एर्सिलियोचा पत्ता लागला नाही. झेलिंदा अजून दर शनिवारी विळ्याचा शिक्का मारून दोन पाव आणते, एक तिचा आणि एक तो आलाच तर म्हणून. मी ते भाजून देते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.